अल्टरनेटर तपासला, ठीक

मी विमानांवर काम करायचो असं सांगितलं, की समोरचा माणूस आधी माझ्या चपलांकडे बघतो आणि मग विचारतो, "म्हणजे मुंबईला होते का?" नाही. धुळ्याला होतो. गावाबाहेरच्या माळावर आमची एक धावपट्टी होती, पत्र्याचं एक हँगर होतं, म्हणजे विमानांचा गोठाच, आणि धावपट्टीवर चरायला येणाऱ्या म्हशी हाकलायला पगारी माणूस होता. चार लहान विमानं. दोन शिकाऊ वैमानिकांसाठी, एक चार आसनांचं आणि एक कपाशीवर औषध फवारणारं. ऐंशीच्या दशकात जळगाव-धुळ्याच्या आभाळात घरघर ऐकू आली, तर चारातल्या कुठल्या तरी एकाची असायची, आणि त्यातल्या रेडिओची आणि विजेची जबाबदारी माझी असायची.

या अंकासाठी "विमानातल्या गमतीजमती" लिहा असं संपादक म्हणाले. गमती पुष्कळ आहेत. पण सांगायला बसलो की मधेच एक गोष्ट आडवी येते, आणि तिच्यापुढे बाकीच्या गमती सांगायची लाज वाटते. म्हणून तीच सांगतो.

आधी माझ्याबद्दल थोडं, कारण चूक कुठून आली ते त्याशिवाय कळायचं नाही. माझे वडील धरणगावला जिनिंगमध्ये हमाल होते. रुईच्या गाठी पाठीवर घेऊन घेऊन त्यांची मान कायमची डावीकडे कललेली. आमच्या घरात मॅट्रिकच्या पुढे गेलेला मी पहिला. जळगावला राहून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो, आणि त्याचा मला गर्व होता. आहे म्हणा ना, लपवायचं कशाला. धुळ्याच्या हँगरमध्ये माझ्या टेबलावर मी स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी ठेवली होती, नावापुढे बी.एस्सी. मोठ्या अक्षरांत. तेव्हापासून सगळे मला "बीएस्सी" म्हणूनच हाक मारायचे. "ए बीएस्सी, चहा आला." "बीएस्सीला बोलवा, रेडिओ खरखरतोय."

कॉलेजात असताना पोटापाण्यासाठी सलीमभाईंच्या लाउडस्पीकरच्या दुकानात काम करायचो. जीपवर कर्णे बांधून गावोगाव निवडणुकीचा प्रचार पुकारत जायचे ते दिवस. जीप सुरू असली की कर्ण्यातून एक बारीक शिट्टी निघायची. गाडीने वेग घेतला की शिट्टी चढायची, वेग कमी झाला की उतरायची. जीपच्या डायनामोची वीज अँप्लिफायरमध्ये शिरून ओरडायची ती. पुढारी वैतागायचे. सलीमभाई बॉनेट उघडायचे, डायनामोच्या तारेवर एक जाडसा कंडेन्सर ठोकून द्यायचे. शिट्टी गायब. "आवाज गया, काम हो गया," म्हणायचे. असे पाच-पन्नास कंडेन्सर मी स्वतः बसवले. जीपला ते पुरतं. जीप बंद पडली तर रस्त्यावर उभी राहते, लोक उतरून ढकलतात.

पुढे मी विमानाच्या रेडिओ-विजेच्या परीक्षा दिल्या, लायसन्स मिळवलं. वडील धरणगावच्या चौकात लोकांना सांगायचे, "मना पोऱ्या सही करस, मंगच इमान उडस." माझा मुलगा सही करतो, तेव्हाच विमान उडतं. कायद्याने ते खरंही होतं. विमानाचं एक लॉगबुक असतं. वैमानिकाने तक्रार लिहायची, आम्ही दुरुस्ती करून खाली काय केलं ते लिहायचं आणि सही करायची. सही नाही तर उड्डाण नाही.

आता शिट्टीबद्दल. विमानाच्या नाकाडात, इंजिनाजवळ, पट्ट्यावर फिरणारं एक यंत्र असतं, अल्टरनेटर. ते वीज तयार करतं, बॅटरी भरतं, रेडिओ आणि दिवे चालवतं. इंजिनाची ठिणगी मात्र इंजिन स्वतःची स्वतः पाडतं, म्हणून अल्टरनेटर मेला तरी पंखा फिरत राहतो. हे लक्षात ठेवा. अल्टरनेटरमध्ये तयार होणारी वीज उलटसुलट वाहणारी असते. ती सरळ करायला आत सहा डायोड असतात. विहिरीवर सहा माणसं ओळीने उभी राहून पाळीपाळीने बादल्या ओततायत असं समजा. सहाही जण कामावर असले की हौदात पडणारी धार जवळजवळ अखंड. एक जण उठून गेला की दर फेरीला धारेत एक खाच. ती खाच सेकंदाला शेकडो वेळा येते, आणि वैमानिकाच्या कानावरच्या हेडफोनमध्ये तिची शिट्टी होते. थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा वेग वाढवायचा दांडा, पुढे ढकलला की शिट्टी चढते.

पण शिट्टी दर वेळी त्याच कारणाने येते असं नाही. कधी एखादी अर्थिंगची पट्टी सैल असते. कधी रेडिओची तार दिव्याच्या तारेला चिकटून गेलेली असते. मला नाव मिळालं ते अशाच एका शिट्टीने. फवारणीचं विमान भडगावकडे कपाशीवर होतं. त्याचा वैमानिक बाहेरून आलेला, भयंकर तापट. रोज लॉगबुकात लिहायचा की कानात सनई वाजते. नाशिकहून दोन माणसं येऊन रेडिओ बदलून गेली, सनई चालूच. मी विमानाच्या पोटाखाली उताणा पडलो, फवारणीच्या औषधाने खाऊन हिरवी झालेली अर्थिंगची पट्टी शोधली, खरवडून बदलली. सनई बंद. वैमानिकाने माझ्या पाठीवर अशी थाप मारली की हातातली कॉफी सांडली. त्या दिवसापासून शिट्टी म्हटलं की बीएस्सी. मलाही वाटायला लागलं की शिट्टी आपल्याला घाबरते.

इंजिनाचं काम एकनाथनाना बघायचे. सातवी शिकलेले, पन्नाशी ओलांडलेले, कानावर बिडी. हत्यार हातात घेण्याआधी ते इंजिनाशेजारी नुसते उभे राहून ऐकायचे. इंग्रजी पुस्तकं मी वाचून दाखवायचो आणि ते म्हणायचे, "हेच मी म्हणत होतो, फक्त मराठीत." आमचं जमायचं, पण एक सीमा होती. तारेला हात लावायचा तो मी. अल्टरनेटर त्यांच्या इंजिनावर बसलेला असला तरी माझा.

आणि सुरेश देवरे. शिंदखेड्याचा. वडील प्राथमिक शाळेत मास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणत. सुरेश चोवीस-पंचवीसचा, बारीक, बडबड्या, आमच्याकडे विमान शिकायला होता. बाकीचे विद्यार्थी शहरातले, माझ्याशी इंग्रजीत बोलायचे. हा आल्या आल्या अहिराणीत सुरू व्हायचा. त्याच्याही घरात इतकं शिकलेला तो पहिलाच, त्यामुळे आमचं सूत जुळलं. शिकाऊ विमानातून एकट्याने फिरायची परवानगी त्याला नुकतीच मिळाली होती.

एप्रिलच्या शेवटी एक दिवस तो माझ्या टेबलाशी आला.

"बीएस्सीभाऊ, कानमा शिट्टी वाजी ऱ्हायनी शे."

"कोणतं विमान?"

"जुनंवालं. थ्रॉटल वाढावा का चढस, कमी करा का उतरस. कॅप्टनसाहेब काय सांगतस ते आयकू येत नही."

"लग्नाचं वय झालं तुझं, कानात सनई वाजणारच," मी म्हटलं.

"मग अक्षता टाका ना भाऊ, पण वाजंत्री बंद करा," तो म्हणाला, आणि लॉगबुकात तक्रार लिहून गेला.

मी त्या विमानाचं इंजिन चालू करून घेतलं, हेडफोन लावला. शिट्टी होती. पोटाखालच्या पट्ट्या पाहिल्या, सगळ्या चकचकीत. तारा नीट. अल्टरनेटरच्या टोकांवर मीटर लावला. व्होल्टेज बरोबर, काट्यावर काटा. आता इथे नीट ऐका. एक डायोड मेला तरी व्होल्टेज बरोबरच दिसतं. उरलेले पाच जण जास्त राबून हौद भरत राहतात, आणि जास्त राबल्यामुळे तापतात. ते मीटरला दिसत नाही, कारण साध्या मीटरला धार दिसते, धारेतली खाच दिसत नाही. मीटरचं बटण एसीवर, म्हणजे उलटसुलट विजेच्या खुणेवर, फिरवून पाहिलं असतं तर शंका आली असती. हे मला माहीत होतं. पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं. पण अल्टरनेटर उतरवायचा म्हणजे पंखा सोडायचा, पट्टा काढायचा, अख्खा दिवस. आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्या विद्यार्थ्यांच्या फेऱ्या लागलेल्या.

नाना बाजूला उभे होते. म्हणाले, "बीएस्सी, उघडून बघ ना एकदा. मागच्या महिन्यात नव्हती वाजत. आताच का वाजते?"

"नाना, व्होल्टेज बरोबर आहे."

"व्होल्टेज असेल. पण ती वाजते ना?"

"इंजिन तुमचं, वायर माझी," मी म्हणालो.

नानांनी कानावरची बिडी काढली, पुन्हा लावली आणि गेले.

मी रेडिओच्या पुरवठ्याच्या तारेवर एक फिल्टर बसवला. फिल्टर म्हणजे काय, एक गुंडाळी आणि एक जाड कंडेन्सर. सलीमभाईंचाच, फक्त विमानाचा नंबर असलेला, मान्यताप्राप्त, कागदपत्रांसह. शिट्टी गायब. देवरेला बोलावून हेडफोन दिला. त्याने थ्रॉटल पुढेमागे केला आणि हसला. "कसं काय भाऊ, बठ्ठं चूप!" म्हणजे सगळं गप्प.

लॉगबुकात मी इंग्रजीत लिहिलं. त्याचं मराठी असं: शिट्टी बंद. फिल्टर बसवला. अल्टरनेटर तपासला, ठीक. खाली सही, लायसन्सचा नंबर.

"तपासला" हा शब्द मी लिहिला. मी फक्त मीटर लावला होता. त्या दोन गोष्टींत फरक आहे हे लिहिताना मला कळत होतं. पण सगळे तसंच लिहितात, असं मी तेव्हा मनाशी म्हणालो.

मेच्या मध्यावर देवरे एकटा धुळ्याहून जळगावला गेला. तिथे उतरायचं, पुस्तकात शिक्का घ्यायचा, परत यायचं. जाता-येता प्रत्येकी पाऊण तासाच्या आत. जाताना रेडिओवर तो नीट बोलला. दुपारी अडीचच्या सुमाराला जळगावहून फोन आला की विद्यार्थी परत निघालाय.

तीनच्या आधी पश्चिमेकडून धुळीचं वादळ उठलं. उन्हाळ्यात आमच्याकडे उठतंच, पण त्या दिवशीचं मोठं होतं. भिंतीसारखं आलं. पहिल्यांदा साक्रीकडचे डोंगर गेले, मग धावपट्टीचं पलीकडचं टोक गेलं. हँगरचे पत्रे थडथडायला लागले. आमचे कॅप्टनसाहेब, म्हणजे मुख्य शिक्षक, जमिनीवरच्या रेडिओसेटवर बसले आणि देवरेला हाक मारायला लागले. परत जळगावला जा, धुळ्याला येऊ नको. पुन्हा. पुन्हा. सेटला कान लावून मी शेजारी उभा होतो.

उत्तर नाही. खरखरसुद्धा नाही.

"सेट बघ," कॅप्टन माझ्यावर ओरडले. मी सेट पाहिला. सेट ठीक होता. दुसऱ्या विमानातल्या रेडिओवरून हाक मारून पाहिली. उत्तर नाही. तेव्हाच, त्या क्षणी, मला कळलं. त्या विमानात वीजच उरलेली नव्हती.

काय झालं होतं ते मी नंतर शोधून काढलं, पण इथेच सांगतो. जळगावला जाताना वाटेत दुसरा डायोड गेला असावा. अल्टरनेटर नावापुरता उरला. जळगावला देवरेने इंजिन बंद केलं, परत निघताना बॅटरीवर सुरू केलं. उरलेली बॅटरी त्यात संपत आली, आणि हवेत गेल्यावर दहा-पंधरा मिनिटांत रेडिओ मेला. मी तो फिल्टर बसवला नसता, तर दुसरा डायोड गेल्यावर त्याच्या कानात शिट्टी किंचाळली असती. त्याला जळगावला हेडफोन कानाला लावता आला नसता. तो निघालाच नसता. त्याने फोन केला असता, आणि मी दुसऱ्या दिवशी एस.टी.ने हत्यारांची पेटी घेऊन गेलो असतो. माझ्यामुळे त्याच्या कानात शांतता होती. पुढ्यातल्या वीज दाखवणाऱ्या काट्याने सांगितलं असेल, पण पहिल्या एकट्या प्रवासात माणूस नकाशा बघतो, नदी बघतो, रेल्वेचे रूळ बघतो. काटा बघायचं काम त्याचे कान करत होते, आणि कान मी बंद केले होते.

तो धुळीत आला. आम्हाला आधी आवाज आला, मग पट्टीच्या अर्ध्यावर, एका बाजूला कललेलं विमान दिसलं. आडवा वारा. एक चाक पट्टीच्या बाहेर उतरलं, पुढे पाण्याची चारी होती, तिच्यात नाक घुसून विमान उलटलं.

नाना सगळ्यांच्या पुढे धावले. पन्नाशीचा माणूस. त्यांनी दार उचकटलं, आत हात घालून दिसतील ती सगळी बटणं खाली पाडली, पेट्रोलचा कॉक बंद केला आणि मग देवरेला ओढला. नियम तोच आहे, आग लागू नये म्हणून. पेट्रोलचा वास एवढा होता की मी तोंडावर रुमाल धरून उभा होतो. उभा होतो हेही लिहायला हवं. मी दुसरा गेलो, पहिला नाही.

देवरे वाचला. डावा पाय गुडघ्याखाली गेला. डोक्याला मार होता, आणि त्या दुपारचा सगळा तास त्याच्या डोक्यातून पुसला गेला. जळगावला चहा प्यालेला आठवत होता, त्यापुढे काही नाही.

आठ-दहा दिवसांनी मी दवाखान्यात गेलो. गुरुजी बाहेर बाकावर बसले होते, पांढरी टोपी मांडीवर. मला पाहून उठले. माझ्यासाठी उठले ते, म्हणजे मी मोठा तंत्रज्ञ म्हणून. आत देवरे म्हणाला, "भाऊ, माले काहीच आठवत नही. साहेब लोक सांगतस, जळगावले इंजिन चालू करानंतर अल्टरनेटरनं बटण मी लावंच नही. तुमले काय वाटस? मी भुली गयतू का?"

मी म्हणालो, "आराम कर. डोक्याला त्रास देऊ नको."

अल्टरनेटरचं वेगळं बटण असतं, इंजिन चालू झाल्यावर ते लावायचं असतं. नानांनी सगळी बटणं पाडलेली, त्यामुळे ते आधी लागलेलं होतं की नव्हतं हे कुणालाच सांगता येईना. चौकशीला बाहेरून अधिकारी आले. शांत, सभ्य माणूस. लॉगबुक माझ्यापुढे ठेवून त्यांनी त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही सही तुमची?"

"हो."

"अल्टरनेटर तपासला होता?"

हँगरच्या दारात नाना उभे होते. माझे वडील धरणगावच्या चौकात काय सांगतात, ते मला त्या क्षणी आठवलं. खोटं नाही सांगत, खरोखर तेच आठवलं.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उलटलं. विमानाचं नाक चेपलेलं, अल्टरनेटरचं आवरण फुटलेलं, लायसन्सवाल्या माणसाची सही असलेली. तो उघडून बघायचं कुणाला कारण उरलं नाही. अहवालात आलं की विद्यार्थ्याने बहुधा अल्टरनेटरचं बटण लावलं नाही, त्यामुळे बॅटरी उतरली, रेडिओ बंद पडला आणि त्याला सूचना मिळाली नाही.

मोडकं विमान हँगरच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली पडून राहिलं. पावसाळा संपल्यावर, एकदा जेवणाच्या सुट्टीत, मी ताडपत्री उचलली आणि अल्टरनेटर सोडवला. डायोडची पट्टी हातात घेऊन एकेक तपासला. सहापैकी एक केव्हाचा मेलेला, काळा पडलेला. दुसरा जळून फुटलेला. उरलेले चार जिवंत. मागे पाऊल वाजलं. नाना होते.

"आता उघडलास?" ते म्हणाले.

एवढंच. त्यांनी शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

ती पट्टी मी टेबलाच्या खणात ठेवली, आणि नऊ वर्षं ती तिथेच होती. का गप्प बसलो ते विचाराल तर एक कारण नाही. लायसन्स जाईल ही भीती होती. वडील जिवंत होते. लग्न झालेलं होतं. दर वर्षी वाटायचं की आता सांगितलं तर विचारतील, इतकी वर्षं का नाही सांगितलंस, आणि ते उत्तर दर वर्षी अवघड होत गेलं. कामात मात्र मी कडू झालो. कुणी शिट्टीची तक्रार केली की विमान जमिनीवर. फिल्टर मागितला की अंगावर जायचो. नव्या लोकांना वाटायचं बीएस्सी पिसाळलाय. शिट्टीचं मूळ सापडेपर्यंत मी हेडफोन उतरवायचो नाही. सगळे माझ्या काटेकोरपणाची तारीफ करायचे, आणि नाना एक शब्द बोलायचे नाहीत.

नानांच्या निवृत्तीला महिना उरला होता. चहा पिता पिता म्हणाले, "परवा शिंदखेड्याला गेलो होतो, भाचीकडे. देवरे भेटला."

मी कप खाली ठेवला.

"एसटीडीचा बूथ मिळालाय त्याला. अपंगांच्या कोट्यातून. बरा चालतो. दुपारी जेवायला बूथ बंद करून निघाला, कुबडी घेऊन. मी सोबत होतो. दहा-बारा पावलं गेला आणि परत फिरला. म्हटलं काय राहिलं? म्हणे बटण पाहतो. शटर वर केलं, बटण पाहिलं, शटर खाली. पुन्हा निघालो, पुन्हा परत. तीनदा, बीएस्सी. तीनदा. पानवाला हसत होता. म्हणे रोजचंच आहे."

माझा हात टेबलाच्या खणाकडे गेला.

"मी कुणाला सांगणार नाही," नाना म्हणाले. "मी सातवी शिकलेला, माझं कोण ऐकणार. पण तू मेल्यावर त्या खणातल्या पट्टीचं काय करायचं तेवढं लिहून ठेव."

पुढच्या रविवारी मी पट्टी रुमालात बांधली आणि शिंदखेड्याची एस.टी. पकडली.

बूथ बाजारपेठेत होता. पिवळी पाटी, आत काचेची केबिन, बाहेर सुरतला फोन लावायला थांबलेली दोन माणसं. देवरे गल्ल्यावर बसलेला. केस पातळ झालेले, अंग सुटलेलं. मला पाहून ओरडलाच, "अरे, बीएस्सीभाऊ! आज इकडे कशी वाट चुकनात?" शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाला, "हाऊ माणूस सही करे तधळ इमान उडे." मागच्या भिंतीवर गुरुजींचा फोटो, हार घातलेला. हार सुकलेला नव्हता.

"गुरुजी?" मी विचारलं.

"गया साल. दिवाळीनंतर."

गिऱ्हाइकं गेल्यावर मी रुमाल गल्ल्यावर सोडला आणि सगळं सांगितलं. आतापर्यंत तुम्हाला सांगितलं तसंच, पहिल्यापासून. शिट्टी, मीटर, फिल्टर, नानांचं म्हणणं, लॉगबुकातली ओळ, चौकशीतला "हो". हा मेलेला, हा जळलेला, बोटाने दाखवलं. तो पट्टीकडे बघत राहिला. मधे एक बाई फोन करायला आली, त्याने तिला नंबर लावून दिला, बिल दिलं, सुटे पैसे दिले, आणि मला म्हणाला, "पुढे?"

पुढे काही नव्हतं. मी म्हणालो, "बटण तू लावलंच असणार, सुरेश. दोन डायोड गेल्यावर बटण लावून नाही लावून सारखंच."

त्याने पट्टी हातात घेतली. मग अहिराणी सोडून साध्या मराठीत बोलायला लागला, परक्याशी बोलतात तसा.

"बाबा रोज सकाळी मला विचारायचे. गॅस बंद केला का, दिवा बंद केला का, कडी लावली का. टोमणा नव्हता तो, काळजी होती. त्यांनी चाळीस वर्षं पोरांना शिकवलं आणि स्वतःचं पोरगं विसरभोळं निघालं, असं त्यांना वाटायचं. मरायच्या आदल्या आठवड्यात म्हणाले, सुरेश, चूक सगळ्यांकडून होते, तू आता मनाला लावून घेऊ नको." त्याने पट्टी उलटी केली, सुलटी केली. "मागच्या दिवाळीच्या आधी आला असतात तरी चाललं असतं."

मला वाटलं होतं तो मारेल, किंवा रडेल. दोन्हीची तयारी करून गेलो होतो. या वाक्याची तयारी नव्हती.

त्याने गल्ल्यातून एक कोरा कागद काढला, पेन काढलं, माझ्यापुढे सरकवलं.

"लिहा."

मी लिहिलं. मराठीत लिहिलं. सुरेश देवरे याने अल्टरनेटरचं बटण लावलं नव्हतं असं मानायला काही आधार नाही. अल्टरनेटर आधीपासून बिघडलेला होता. तो न उघडताच मी लॉगबुकात 'तपासला' असं लिहिलं. शिट्टीचं कारण न शोधता ती बंद केली. चौकशीत खोटं सांगितलं. चूक माझी. खाली सही केली, नाव लिहिलं, कागद परत दिला.

त्याने दोनदा वाचला. मग कागद पुन्हा माझ्याकडे सरकवला आणि नावाच्या पुढच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"ते बी लिखा."

"काय?"

"बी.एस्सी. शिकेल माणूसनी करं हाई, बठ्ठास्ले समजू द्या." शिकलेल्या माणसाने हे केलं, सगळ्यांना समजू द्या.

मी लिहिलं. इतक्या वर्षांत ती अक्षरं एवढी जड कधी झाली नव्हती. कागदाचं काय करायचं ते त्याच्यावर सोडलं. त्याने तो पुढे पाठवला, माझं लायसन्स गेलं, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तेव्हा मात्र त्याने कागदाची घडी करून गुरुजींच्या फोटोच्या मागे खोचली आणि घड्याळाकडे पाहिलं. जेवायची वेळ झाली होती. मला जेवायला या म्हणाला नाही, जा असंही म्हणाला नाही.

त्याने मीटर बंद केलं, पंखा बंद केला, दिवा बंद केला. बटणावर हात ठेवून क्षणभर थांबला. माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं थोडं हसला. शटर ओढलं, कुलूप लावलं, कुबडी काखेत घेतली आणि घराच्या दिशेने निघाला. मी पानवाल्याच्या टपरीशी उभा राहून बघत होतो. ऊन रणरणत होतं. पाच पावलं गेला. आठ. दहा.

थांबला. आणि मागे फिरला.